गुप्ततेची मुदत

संगणकाच्या व्यवहारात एक गोष्ट वारंवार घडते, आणि प्रथम ऐकणाऱ्याला ती तर्काशी विसंगत वाटते. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये परक्या माणसाला आत शिरता येईल असे छिद्र आहे हे उमगले, ते बुजविणारी दुरुस्ती निर्मात्याने तयार केली, ती वाटावयास काढली आणि तसा जाहीरनामाही प्रसिद्ध केला, म्हणजे त्या दिवसापासून चोऱ्या ओसराव्यात अशी आपली अपेक्षा असते. अनुभव मात्र नेमका उलटा येतो. २ मार्च २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या 'एक्स्चेंज' या मेल सर्व्हरमधील चार छिद्रांची दुरुस्ती नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता तातडीने प्रसिद्ध केली. तोवर जे हत्यार मोजक्या लोकांच्या हाती होते, ते पुढच्या आठवड्याभरात निदान दहा निरनिराळ्या टोळ्या वापरू लागल्या, आणि ज्या संस्थांनी अजून दुरुस्ती बसविली नव्हती त्यांची टपालाची दप्तरे जगभर उघडी पडली. मग दुरुस्ती जाहीर करणे हीच चूक होती काय? आणि जाहीर करावयाची नाही असे ठरविले, तर सर्व्हर सांभाळणाऱ्या लाखो लोकांपर्यंत ती पोहोचवावयाची कशी?

हा पेच दूरदेशीच्या बड्या कंपन्यांचा आहे अशी समजूत मुळशी तालुक्यातल्या कोळवणच्या वाचकाने करून घेण्याचे कारण नाही. ज्या मुळशी तालुक्यात वाळकी नदीच्या काठची भातखाचरे आहेत, त्याच तालुक्यात हिंजवडीची संगणक-वसाहत आहे. मेल सर्व्हरमधील छिद्रे शोधण्यात गेल्या काही वर्षांत ज्या कंपनीचे नाव अग्रभागी राहिले, त्या क्वालिसचे मोठे केंद्र पुण्यात आहे, आणि तिचे प्रमुख सुमेध ठाकर हे पुणे विद्यापीठाचेच संगणक अभियांत्रिकीचे पदवीधर आहेत. ज्याची कथा पुढे यावयाची आहे त्या झिम्ब्रा या मेल सर्व्हरच्या निर्मात्यांची एक कचेरीही पुण्यातच आहे. या कचेऱ्यांतून नोकरी करणाऱ्या तरुणाला हा विषय नवा नाही. परंतु त्याच्या घरच्या मंडळींना, आणि ज्या संस्थांचा कारभार ई-मेलवर चालतो त्यांच्या चालकांना, तो मुळापासून समजावा या हेतूने हे लिहीत आहे.

मेल सर्व्हर इतका उघडा का असतो?

मेल सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू राहणारा एक संगणक आणि त्यावर चालणारे एक सॉफ्टवेअर. बाहेरून आलेले पत्र घ्यावयाचे, ते आपल्याकडील कोणाचे आहे हे पाहून त्याच्या पेटीत टाकावयाचे, आणि आपल्याकडील माणसाने लिहिलेले पत्र दुसऱ्या सर्व्हरच्या हवाली करावयाचे, एवढेच त्याचे काम. दोन सर्व्हरांनी परस्परांशी कसे बोलावे याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. पुढे त्यांत सुधारणा झाल्या, तरी सांगाडा अद्याप तोच आहे. पाठविणारा आपले नाव सांगतो, घेणारा होकार देतो; मग पत्र लिहिणाऱ्याचा पत्ता, मग ज्याला ते द्यावयाचे त्याचा पत्ता, मग मजकूर, आणि मजकूर संपला हे कळावे म्हणून शेवटी एका ओळीवर एकच टिंब. हा सारा संवाद साध्या अक्षरांत होतो, आणि त्या काळी तो एकमेकांना ओळखणाऱ्या विद्यापीठांच्या संगणकांत होत असल्यामुळे त्यात विश्वास गृहीत धरलेला होता.

बँकेच्या संगणकाला खातेदाराची ओळख पटल्याखेरीज व्यवहाराची भाषा बोलण्याचे नाकारता येते. मेल सर्व्हरला ही सोय नाही. ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याचे नावही कानावर आले नाही, अशा माणसाचे पत्र स्वीकारणे हेच ज्याचे विहित कर्तव्य, त्याला अनोळखी माणसाने पाठविलेले प्रत्येक अक्षर वाचावेच लागते. आणि वाचणे म्हणजे त्या अक्षरांवर काही ना काही क्रिया करणे. शिवाय ज्याच्या हाती एखाद्याची मेलपेटी पडली, त्याच्या हाती त्या माणसाच्या बाकीच्या खात्यांच्या चाव्याही पडल्यासारख्याच असतात, कारण पासवर्ड विसरलेल्याला नवा पासवर्ड करून देणारे पत्र त्याच पेटीत येते. इतक्या मोलाची वस्तू इतक्या उघड्यावर ठेवणे भाग पडते, म्हणूनच मेल सर्व्हरवर चोरांचा डोळा पहिल्यापासून आहे.

मजकुराचा हुकूम होतो तेव्हा

छिद्र म्हणजे नेमके काय हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. 'एक्झिम' हे सॉफ्टवेअर फिलिप हेझल यांनी १९९५ साली केंब्रिज विद्यापीठासाठी लिहावयास घेतले. ते मुक्त आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, आणि जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मेल सर्व्हरांत त्याची गणना होते. सर्व्हर सांभाळणाऱ्याची सोय व्हावी म्हणून एक्झिममध्ये अशी योजना आहे, की विशिष्ट चिन्हांच्या कंसात काही लिहिले असता त्या लिखाणाचा अर्थ लावून, प्रसंगी संगणकावरील एखादा कार्यक्रम चालवून, त्याचे उत्तर त्या जागी भरले जावे. ही सवलत अर्थातच सर्व्हरच्या मालकापुरती अभिप्रेत होती. परंतु २०१६ साली आलेल्या ४.८७ या आवृत्तीपासून एका विशिष्ट प्रसंगी, पत्र ज्याला द्यावयाचे त्याचा पत्तादेखील त्याच यंत्रणेकडे अर्थ लावण्यासाठी जाऊ लागला. तो पत्ता लिहिणारा कोण? पत्र पाठविणारा परका माणूस. त्याने पत्त्याच्या जागी ती चिन्हे आणि त्यांत एक आज्ञा लिहिली, की सर्व्हर ती आज्ञा इमानाने पाळणार, आणि तीही संगणकावरील सर्वोच्च अधिकाराने. पुष्कळ छिद्रांची जात हीच असते: जो नुसता मजकूर म्हणून वाचावयाचा तो हुकूम म्हणून पाळला जातो.

सर्वसाधारण मांडणीच्या सर्व्हरवर दुरून हे साधण्यासाठी, दर काही मिनिटांनी एकेक अक्षर पाठवीत, जोडणी सात दिवस जिवंत ठेवावी लागे. काही वेगळ्या मांडणीच्या सर्व्हरांवर मात्र ते तत्काळ साधे. क्वालिसच्या संशोधकांना हे छिद्र २०१९ च्या मे महिन्यात सापडले, आणि सापडले तेव्हा एक विलक्षण गोष्ट लक्षात आली: फेब्रुवारी २०१९ मध्ये निघालेल्या ४.९२ या आवृत्तीत ती चूक सुधारलेली होती! सुधारणाऱ्यांना ती किरकोळ चूक वाटली होती. तिच्यातून परका माणूस शिरू शकतो हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून तसा इशाराही कोणाला दिलेला नव्हता. परिणाम असा, की ज्यांनी नेहमीच्या शिस्तीने नवी आवृत्ती घेतली ते अजाणता वाचले, आणि ज्यांनी 'सध्याची नीट चालते आहे' म्हणून जुनीच ठेवली ते अजाणता संकटात राहिले. या एका प्रकरणातून माझ्या मते पुढच्या साऱ्या विषयाचे सूत्र हाती लागते. दुरुस्ती असणे आणि दुरुस्तीची वार्ता असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकत्र आल्यावाचून संरक्षण होत नाही.

बांधातले बीळ

आता ज्याला छिद्र प्रथम दिसले त्याने काय करावे? कोळवण खोऱ्यात भाताची लावणी झाल्यावर खाचरात पाणी धरून ठेवणाऱ्या बांधाला खेकडे बिळे पाडतात, आणि वेळीच चिखल भरून ती लिंपली नाहीत तर एका रात्रीत खाचर रिकामे होते, हे तेथील शेतकऱ्याला सांगावयास नको. शेजाऱ्याच्या बांधातले बीळ आपल्याला दिसले, तर आपण त्याला हाक मारून सांगतो. तो येतो, लिंपतो, प्रश्न मिटतो. आता अशी कल्पना करा, की जगातले लाखो बांध एकाच साच्यातून निघालेले आहेत, प्रत्येकात नेमक्या त्याच जागी बीळ आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही. एका शेतकऱ्याला चारचौघांत हाक मारून जागा सांगितली, की ती लाखो शेतांची सांगितल्यासारखे झाले. न सांगावे, तर पाणी चोरून नेणाऱ्याला ती जागा आज ना उद्या सापडणारच, किंबहुना ती आधीच सापडलेली नसेल याची खात्री कोण देणार? आणि यापुढची अडचण सर्वांत अवघड: पहिल्या शेतकऱ्याने बीळ लिंपले, की तो ओला चिखलच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की बीळ कोठे होते. त्याच्या खाचरातले पाणी वाचले, पण उरलेल्यांच्या बांधावर कोठे पहार घालावी हे आता गुपित राहिले नाही.

आरंभीच्या कोड्याचा उलगडा येथे होतो. दुरुस्तीपूर्वीची आवृत्ती आणि दुरुस्तीनंतरची आवृत्ती शेजारीशेजारी ठेवून कोणत्या ओळी बदलल्या हे पाहणे आज फार सोपे झाले आहे. त्या बदललेल्या ओळी म्हणजेच छिद्राचा पत्ता. संहिता गुप्त असली तरी तयार कार्यक्रमांची तुलना करून जाणते लोक तेच काम थोड्या अधिक कष्टाने करतात. म्हणून दुरुस्तीचा दिवस हा एका शर्यतीच्या प्रारंभाचा दिवस असतो: एकीकडे सर्व्हर सांभाळणारे, दुसरीकडे ओळींची तुलना करणारे.

वार्ता देण्याच्या रीती

या विषयाला सार्वजनिक वळण मिळाले ते एका मेल सर्व्हरमुळेच. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला एक आपोआप पसरणारा कार्यक्रम विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या संगणकांतून वणव्यासारखा पसरला. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ६००० संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक 'सेंडमेल' या मेल सर्व्हरमधील होती, आणि ती चूकदेखील म्हणता येणार नाही. चाचणीसाठी ठेवलेली एक सोय पुष्कळ ठिकाणी चालूच राहून गेली होती. या प्रसंगानंतर त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांची इत्तला घेणारे आणि देणारे एक केंद्र स्थापन झाले. आपल्या देशात हे काम जानेवारी २००४ पासून सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था करते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब मध्ये तिला राष्ट्रीय अधिकार दिलेला आहे. एकाच छिद्राला चार ठिकाणी चार नावे पडून गोंधळ होऊ नये म्हणून १९९९ पासून प्रत्येक छिद्राला एक जागतिक क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. सीव्हीई या अक्षरांनी तो क्रमांक सुरू होतो, आणि २०२१ पासून सर्ट-इनलाही तो देण्याचा अधिकार आहे. वर सांगितलेल्या एक्झिमच्या छिद्राचा क्रमांक सीव्हीई-२०१९-१०१४९ असा आहे.

आरंभीच्या काळी छिद्र सापडलेल्या माणसाने निर्मात्याला खासगी पत्र लिहावे आणि निर्मात्याने ते फडताळात टाकावे असे पुष्कळदा घडे. त्या अनुभवाने संतापलेल्या संशोधकांनी, सापडले की सर्वांना सांगून मोकळे व्हावे, असा पक्ष घेतला. दोन्ही टोकांची हानी पाहून आज बहुतेकांनी मान्य केलेली मधली रीत अशी: प्रथम निर्मात्याला गुपचूप कळवावयाचे, त्याला मुदत द्यावयाची, मुदतीत दुरुस्ती आणि वार्ता एकाच दिवशी बाहेर पडतील अशी तजवीज करावयाची, आणि मुदत टळली तर दुरुस्ती असो वा नसो, वार्ता जाहीर करावयाची. २०१४ साली सुरू झालेल्या गूगलच्या संशोधनपथकाने ही मुदत ९० दिवसांची ठरविली; २०२१ पासून, दुरुस्ती मुदतीत निघाल्यास लोकांना ती बसविता यावी म्हणून, तपशील उघड करण्यापूर्वी आणखी ३० दिवस थांबण्याचे त्याने ठरविले. लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीच्या निरनिराळ्या वितरकांचा जो बंद गट आहे, त्यात तर एखादी गोष्ट १४ दिवसांहून अधिक काळ गुप्त ठेवता येत नाही.

ही रीत नीट पाळली गेली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण पुन्हा एक्झिमचेच आहे. क्वालिसच्या संशोधकांनी संपूर्ण संहिता तपासून २१ छिद्रे काढली. त्यांपैकी १० दुरून वापरता येण्याजोगी होती, आणि पुष्कळ छिद्रे निदान २००४ पासूनच्या आवृत्त्यांत वास करून होती. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी निर्मात्यांना कळविले. एक्झिम सांभाळणारी मंडळी मूठभर, बहुतेक आपापला नोकरीधंदा सांभाळून हे काम करणारी. त्यांना साडेसहा महिने लागले. त्या अवधीत संशोधकांनी नुसती वाट पाहिली नाही, दुरुस्त्यांच्या कामातही हात दिला. वितरकांना काही दिवस आगाऊ संधी मिळाली, आणि ४ मे २०२१ रोजी ४.९४.२ ही आवृत्ती आणि २१ छिद्रांचे सविस्तर वर्णन एकाच दिवशी बाहेर पडले. साडेसहा महिने हा काळ ९० दिवसांहून मोठा आहे हे खरे. पण मुदत ही निर्मात्याने टाळाटाळ करू नये यासाठी असते, आणि जेथे रोज काम चाललेले दिसते तेथे ती वाढवून देण्यात मला काही गैर वाटत नाही.

संवाद तुटतो तेव्हा

ही सारी व्यवस्था कायद्याच्या बळावर चालत नाही. ती अनोळखी माणसांच्या परस्पर सद्भावावर चालते, आणि म्हणून ती मोडतेही. डॅनियल बर्न्स्टाइन या गणितज्ञाने 'क्यूमेल' नावाचा मेल सर्व्हर इतक्या काळजीने लिहिला होता, की १९९७ साली त्यात सुरक्षेचे छिद्र दाखविणाऱ्याला ५०० डॉलरचे बक्षीस त्याने जाहीर केले. २००५ मध्ये जॉर्जी गुनिन्स्की या संशोधकाने काही छिद्रे दाखविली. बर्न्स्टाइनचे म्हणणे पडले, की त्यांचा उपयोग होण्यासाठी त्या कार्यक्रमाला जितकी अफाट स्मृती लागेल तितकी कोणी देतच नाही. त्या काळी हे उत्तर अगदीच अवास्तव नव्हते. पण संगणक वाढले, स्मृती स्वस्त झाली, आणि मे २०२० मध्ये क्वालिसने दाखवून दिले, की प्रचलित लिनक्समध्ये क्यूमेल नेहमीप्रमाणे बसविला असता त्याच पंधरा वर्षे जुन्या छिद्रातून दुरून शिरता येते. निर्मात्याची बुद्धी कितीही तल्लख असो, 'हे घडणे शक्य नाही' हा त्याचा निवाडा भोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून असतो, आणि परिस्थिती त्याला विचारून बदलत नाही.

२०२३ ची दोन प्रकरणे याहून अलीकडची. एका संस्थेने जून २०२२ मध्ये एक्झिममधील सहा छिद्रांची बातमी निर्मात्यांना दिली. निर्मात्यांचे म्हणणे असे, की आम्ही तपशील मागितला, पण काम करता येईल इतके उत्तर मिळाले नाही. संस्थेचे म्हणणे असे, की आम्ही पुन्हा पुन्हा विचारणा केली. शेवटी २७ सप्टेंबर २०२३ रोजी दुरुस्ती हाती नसतानाच वार्ता जाहीर झाली, आणि त्यांपैकी तीन छिद्रांची दुरुस्ती २ ऑक्टोबरला आली. हे पाच दिवस जगभरच्या एक्झिम-चालकांनी कसे काढले असतील याची कल्पना करावी: धोका आहे हे कळलेले, आणि करावे काय ते सांगणारा कोणी नाही.

दुसरे प्रकरण त्या एकट्या टिंबाचे. मजकूर संपल्याची खूण म्हणजे ओळीवर एकटे टिंब, हे वर आलेच आहे. पण ओळ कोठे संपते हे दर्शविणारी अदृश्य चिन्हे सगळे सर्व्हर अगदी सारखी मानीत नव्हते. काही कडक होते, काही उदार. एका ऑस्ट्रियन संशोधकाने दाखविले, की पत्राच्या मध्येच असे अर्धवट टिंब ठेवले असता पाठविणारा सर्व्हर त्याला मजकूर समजून पुढे जाऊ देतो, तर घेणारा सर्व्हर तेथे पत्र संपले असे मानतो आणि त्यापुढचा भाग नवे, स्वतंत्र पत्र म्हणून वाचतो. आणि त्या नव्या पत्रावर कोणत्याही प्रतिष्ठित माणसाची सही ठोकता येते. काही मोठ्या कंपन्यांना हे कित्येक महिने आधी सांगितले गेले. पण 'पोस्टफिक्स' या अतिशय प्रचलित मुक्त सर्व्हरच्या कर्त्याला, वित्से वेनेमा यांना, आपलाही सर्व्हर त्यात सापडतो हे कळले ते १८ डिसेंबर २०२३ रोजी, सर्व जगाबरोबरच, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर. त्यांनी काही दिवसांतच दुरुस्ती दिली. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. पण जे छिद्र एका सॉफ्टवेअरचे नसून दोघांच्या समजुतीतल्या फरकाचे आहे, तेथे मालक एक नसतो, आणि कोणाकोणाला सांगितले पाहिजे याची यादी करणे हेच मुख्य काम होऊन बसते.

पाच जुलै ते पंचवीस जुलै

दुरुस्ती आणि वार्ता यांत अंतर पडले म्हणजे काय होते, हे झिम्ब्राच्या प्रकरणात दिनांकवार पाहावयास मिळते. झिम्ब्रामध्ये आपली पत्रे ब्राउझरमधून वाचता येतात. २०२३ च्या जूनमध्ये गूगलच्या एका पथकाला आढळले, की त्यातील एका छिद्राचा उपयोग ग्रीसमधील एका शासकीय संस्थेविरुद्ध होत आहे: पत्रातील दुव्यावर, मेलपेटी उघडी असताना, वाचणाऱ्याने बोट ठेवले की त्याच्याच ब्राउझरमध्ये त्याच्याच अधिकाराने परकी आज्ञा चाले आणि त्याचे टपाल बाहेर जाई. निर्मात्यांनी ५ जुलैला सार्वजनिक संहितेत दुरुस्ती घातली. १३ जुलैला धोक्याची सूचना आणि हाताने करावयाचा उपाय प्रसिद्ध झाला, आणि बसविण्यास तयार अशी अधिकृत दुरुस्ती २५ जुलैला निघाली. ५ जुलैपासून संहिता वाचणाऱ्या कोणालाही बदललेली ओळ दिसत होती. ११ जुलैला दुसरी एक टोळी तेच छिद्र माल्डोव्हा आणि ट्युनिशिया येथील शासकीय संस्थांविरुद्ध वापरताना दिसली. २५ च्या आत तिसरी व्हिएतनाममध्ये. आणि अधिकृत दुरुस्ती निघून महिना लोटल्यावर, ऑगस्टमध्ये, चौथी पाकिस्तानात.

संहिता उघड्यावर ठेवणे हा मुक्त सॉफ्टवेअरचा गुण आहे, दोष नव्हे, असे मी मानतो; एक्झिमची २१ छिद्रे सापडली ती संहिता वाचता आली म्हणूनच. पण उघड्यावर काम करणाऱ्याने दुरुस्ती उघड्यावर ठेवण्याच्या क्षणीच सूचनाही द्यावी, एवढी शिस्त या पंधरावीस दिवसांनी शिकविली आहे.

शेवटचा टप्पा

आणि तरीही, सापडणे, कळविणे, सुधारणे, जाहीर करणे हे सारे बिनचूक झाले, तरी ज्या एका कृतीवर सर्व अवलंबून आहे ती दूर कोठेतरी, एखाद्या कचेरीतल्या एका माणसाच्या हाती असते. त्याने दुरुस्ती बसविली तर छिद्र बुजले. न बसविली तर वरील साऱ्या खटाटोपाने त्याच्या सर्व्हरमधील छिद्राचा पत्ता तेवढा चोरांना कळवून ठेवला. एक्झिमचे २०१९ चे छिद्र जूनच्या पहिल्या आठवड्यात जाहीर झाले. त्याच आठवड्याच्या अखेरीस हल्ले सुरू झाले. आणि २८ मे २०२० रोजी, म्हणजे जवळजवळ एका वर्षाने, अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला जाहीर इशारा द्यावा लागला, की रशियन लष्करी गुप्तहेरखात्याची एक तुकडी निदान ऑगस्ट २०१९ पासून ह्याच छिद्रातून शिरत आहे. दुरुस्ती त्या वेळी सव्वा वर्षाची झालेली होती.

सर्व्हर सांभाळणारा आळशी असतो म्हणून हे घडते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुरुस्ती बसविताना टपाल काही काळ बंद ठेवावे लागते. ती बसविल्यावर जुने काही चालेनासे झाले तर बोल त्यालाच. आवृत्ती फार जुनी असेल तर तिच्यासाठी दुरुस्तीच निघत नाही आणि मग सगळेच नव्याने उभे करावे लागते, ज्यासाठी मंजुरी नसते. छोट्या संस्थांत तर सर्व्हर कोणीतरी कधीतरी उभा करून दिलेला असतो, आणि तो माणूस निघून गेल्यावर तो कोणाच्याच अखत्यारीत राहत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली हे ओळखून जुन्या, मदत थांबविलेल्या काही आवृत्त्यांसाठीही दुरुस्ती काढली आणि एका बोटाने चालणारे तात्पुरते साधन दिले. २२ मार्चपर्यंत, म्हणजे तीन आठवड्यांत, धोक्यातील सर्व्हरांपैकी ९२ टक्क्यांचा बंदोबस्त झाला असे तिने जाहीर केले. लोकांना सोपे करून दिले तर लोक करतात, याचा हा पुरावा.

परंतु येथे एक भ्रम टाळला पाहिजे. दुरुस्ती छिद्र बुजविते. आधीच आत आलेल्याला ती बाहेर काढीत नाही. एक्स्चेंजच्या प्रकरणात घुसखोरांनी सर्व्हरवर एक लहानशी फाइल ठेवून दिली होती, जिच्यातून छिद्र बुजल्यावरही त्यांना ये-जा करता येत असे. दुरुस्ती बसवूनही कित्येकांच्या संगणकात ती तशीच राहिली, आणि अखेर एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या तपासखात्याने न्यायालयाची परवानगी घेऊन शेकडो संगणकांतून ती स्वतः काढून टाकली. म्हणून दुरुस्ती बसविण्यापूर्वीच्या काळात कोणी येऊन गेले काय, हे नोंदवह्या काढून पाहणे हाही दुरुस्तीचाच भाग समजावा. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने अशा नोंदी १८० दिवस जपणे आणि घुसखोरीची घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे आपल्याकडे बंधनकारक केले आहे.

चौकट: छिद्र आपल्याला सापडले तर

परवानगीवाचून दुसऱ्याच्या सर्व्हरवर प्रयोग करू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ अशा प्रवेशाबद्दल नुकसानभरपाईची जबाबदारी टाकते, आणि तोच प्रकार अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केला असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एक्झिम, पोस्टफिक्स यांसारखी सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. ती स्वतःच्या संगणकावर बसवून तेथेच पडताळा घ्यावा. सापडलेले प्रथम निर्मात्याला लेखी कळवावे, तारीख जपून ठेवावी, वाजवी मुदत सांगावी. निर्माता उत्तर देत नसेल, किंवा एकाहून अधिक निर्मात्यांचा संबंध असेल, तर सर्ट-इनला कळवावे. दोन्ही पक्षांत मध्यस्थी करणे हे तिच्या कामांपैकी एक आहे.

आता चौकटीबाहेर, मूळ प्रश्नाकडे: गुप्ततेविषयी माझे मत स्पष्ट आहे. छिद्र गुप्त ठेवण्याचा अधिकार कोणालाही कायमचा नाही. तो दुरुस्तीपुरता उसना मिळालेला आहे, आणि ज्यांचे टपाल त्या सर्व्हरमधून जाते त्या सर्वांच्या वतीने मिळालेला आहे. निर्मात्याने ती मुदत काम करण्यात घालवावी, शोधणाऱ्याने ती धीराने पाळावी. पण मुदत संपली की चेंडू आपल्या अंगणात येतो, आणि तेथे संशोधक, कंपनी किंवा सरकार यांपैकी कोणीही आपल्या वतीने काही करू शकत नाही. ज्या पतसंस्था, महाविद्यालये, कारखाने आणि न्यास स्वतःचा मेल सर्व्हर चालवितात, त्यांच्या चालकांना म्हणून एवढीच विनंती आहे, की पुढच्या बैठकीत आपला मेल सर्व्हर कोणता, त्याची आवृत्ती कोणती, आणि दुरुस्ती आली म्हणजे ती बसविण्याचे काम कोणाच्या नावावर लिहिलेले आहे, हे विचारावे. आणि नाव लिहिलेले नसेल तर ते त्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.